पायाखाली ब्रेक नसलेली सीट

इथे बहारीनमध्ये, उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगमागे गाड्या लावायची जागा आहे. तिथे परवा संध्याकाळी माझी नात तन्वी, म्हणजे आमची तनू, गाडी पुसत उभी होती. नवं लायसन्स हातात आलंय ना! आठ पायांच्या कोळ्यासारखी गाडीभर फिरत होती. काचा झाल्या, आरसे झाले, मग डॅशबोर्डवर बोट फिरवून म्हणाली, "आजी, आजोबांचा गणपती कुठाय? आय वॉन्ट दॅट वन. नवीन नको."

मी वर गेले. कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात सुईदोरे, जुन्या चष्म्याची काच, असलं सगळं. तळाशी तो होता. अंगठ्याएवढा, पितळी, सोंड घासून गुळगुळीत झालेला. उलटा करून पाहिला तर खालच्या सुकलेल्या गोंदात लाल माती अडकलेली.

बहारीनची माती अशी लाल नसते हो. इथली पांढरी, पिठासारखी. कोकणातली लाल असते, पण ही तीही नव्हती. मी नखाने खरवडून नाकाशी नेली. वास कसला येणार एवढ्या वर्षांनी! पण मला आला. तापलेल्या गवताचा, भाड्याच्या गाडीच्या एसीचा, मीनलने डब्यात भरलेल्या बेसनाच्या लाडवांचा, आणि त्या सगळ्यावरून आलेला एक वास, ओल्या गोणपाटासारखा. तो वास मी मरेपर्यंत विसरायची नाही. मी तशीच पलंगावर बसले. खाली तनू हॉर्न वाजवत होती.

आमचे हे बहारीनमध्ये बस चालवायचे. कामगारांच्या कॅम्पपासून साइटपर्यंत, आणि संध्याकाळी परत. हा गणपती त्या बसमध्ये असायचा. सकाळी सगळे चढले की हे आधी मागे वळून विचारायचे, "सगळे चढले मां?" मग चपला काढायच्या, खाली उतरायचं, बससमोर उभं राहून हात जोडायचे आणि गाऱ्हाणं घालायचं. आमच्याकडे मालवणात कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही. एकाने मोठ्याने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. बा देवा म्हाराजा, आज ही लेकरा कामाक चल्ली हत, तेंका सुखरूप ने आणि सुखरूप परत हाड रे म्हाराजा. आणि बसच्या खिडक्यांतून बिहारचा, केरळचा, नेपाळचा, सगळे मिळून, "होय म्हाराजा!" अर्थ एकालाही ठाऊक नाही. मग हे आत चढायचे, चपला घालायचे, "यल्ला" म्हणायचे आणि बस निघायची. शुक्रवारी सुट्टी असली की छोटी तनू रिकाम्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसून एकटीच ओरडायची, होय म्हाराजा, होय म्हाराजा. हे बाहेर गाऱ्हाण्याला सुरुवात करायच्या आधीच! हे तिला दटावायचे, "अगो, आधी माका बोलूक तर दी!"

मग ती बस गेली, नोकरी गेली, आणि हळूहळू यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट उतरायला लागली. पॅसेंजर उतरतात तशी. गडबड नाही, गोंधळ नाही. आधी गेलं ते किराणावाल्याचं नाव, मग आमच्या लिफ्टचा मजला. मुलगा संदेश डॉक्टरांकडे घेऊन जायचा, तिथे काय बोलणं व्हायचं ते मी फारसं लक्षात ठेवलं नाही. मला लक्षात आहे ते एवढंच की हे टीव्हीवर प्राणी बघत बसायचे, आवाज बंद करून, आणि हत्ती आला की पाय सोफ्यावरून खाली घ्यायचे. हत्ती शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. म्हाराज. "म्हाराज इले बघ." आणि एकदा म्हणाले, "साखळी नसलेलो म्हाराज एकदा बघूक होयो हुतो."

संदेश जेवत होता. त्याने घास खाली ठेवला. रात्री मीनलला, म्हणजे सुनेला, म्हणाला, "हत्ती म्हणजे काय तेच बाबा विसरायच्या आत नेऊन दाखवूया." मीनल वसईची, तोंडाने फटकळ पण मनाने लोण्याची. म्हणाली, "अरे, पण तिथे गाडीतून उतरायचं नसतं. बाबांना ते दहा वेळा सांगून तरी कळेल का?" "मी आहे ना," संदेश म्हणाला. तर असे आम्ही पाच जण दक्षिण आफ्रिकेतल्या त्या भल्या थोरल्या अभयारण्यात निघालो, आपली गाडी आपणच चालवायची अशा बेताने.

आता गंमत ऐका. तिकडे गाडी आपल्या भारतासारखी, स्टिअरिंग उजवीकडे. बहारीनला डावीकडे. विमानतळाबाहेर भाड्याची गाडी समोर आली आणि हे सरळ चालत गेले, पुढचं डावं दार उघडलं आणि बसले. ड्रायव्हरच्या जागी. फक्त समोर स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही.

संदेश म्हणाला, "बाबा, तुम्ही मागे बसा, आईजवळ."

"मागे? आणि गाडी कोण चालवतलो?"

"मी."

"तुका लायसन कोणी दिल्यान?" असं म्हणून यांनी पट्टा लावला, समोर बघितलं आणि मागे वळून विचारलं, "सगळे चढले मां?"

हसावं की रडावं! मीनलने पिशवीतून हा गणपती काढला आणि डॅशबोर्डवर त्यांच्यासमोर चिकटवला. यांनी त्याच्या सोंडेवरून बोट फिरवलं. चेहरा असा काही शांत झाला की मग त्यांना उठवायचा धीर कुणालाच झाला नाही. मागच्या दारांना लहान मुलांसाठी कुलूप असतं, पुढच्या दाराला नसतं. ही गोष्ट संदेशला ठाऊक होती, मला ठाऊक होती. मी बरोबर त्यांच्या मागे बसले आणि सीट आणि दार यांच्यामधल्या फटीतून हात घालून त्यांच्या खांद्यावर ठेवला. तो हात मग सगळा प्रवास तिथेच राहिला. अजून कधी कधी पहाटे तो दुखतो.

संदेशची तऱ्हा आणखीनच. त्याचा हात बहारीनच्या सवयीचा, वळायच्या आधी इंडिकेटर द्यायला जायचा तर कोरड्या काचेवर वायपर सुरू व्हायचे. खर्र, खर्र. "पाऊस पडता काय रे?" हे विचारायचे आणि तनू हसून लोळायची.

अभयारण्याच्या फाटकावर त्या बाईने एक कागद दिला आणि तोंडाने पुन्हा सांगितलं. गाडीतून उतरायचं नाही. हात, डोकं बाहेर काढायचं नाही. सूर्य मावळायच्या आत अभयारण्यातल्या मुक्कामाच्या कॅम्पात परत. मीनलने ते सगळं मराठीत यांना सांगितलं. हे मान हलवत होते. ते मान हलवणं मी ओळखते. बसमध्ये अरबी साहेब काही सांगायचा तेव्हा असेच, काही न कळता हलवायचे.

पहिला दिवस गोड गेला. हरणं तर गावच्या शेळ्यांसारखी, रस्ताभर. एक जिराफ झाडावरून आमच्याकडे असा बघत होता जसा तिकडे माहूजमध्ये राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा घरमालक बाल्कनीतून बघतो. काचा खाली केल्या की रानाचा वास आत यायचा, चुरगळलेल्या तुळशीसारखा, पण जरा कडू. कुठलासा पक्षी एकसारखा 'चल परत, चल परत' केल्यासारखा ओरडायचा. समोर प्राणी आला की यांचा उजवा पाय दाबला जायचा, खाली काही नसलेल्या ब्रेकवर. आणि बरोबर तेव्हाच संदेश खरा ब्रेक दाबायचा, म्हणून यांना वाटायचं गाडी आपणच थांबवली. "गाडी बरी आसा," म्हणायचे. तनूने तो सगळा दिवस आजोबांच्या सीटला मिठी मारून काढला. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेल. मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र इंग्लिशमधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पाणवठ्याशी आम्ही थांबलो. झेब्रे पाणी पीत होते. संदेशने गाडी बंद केली. अशी शांतता की झेब्र्यांचं पाणी ओढणंसुद्धा ऐकू येत होतं. आणि खट् असा आवाज झाला.

यांनी दार उघडलं होतं. एक पाय बाहेर, मातीवर.

"उतरा रे सगळे," हे म्हणाले, "साइट इली."

मी शर्ट धरला. संदेश सीटवरून आडवा झाला आणि दंड धरून त्यांना आत ओढलं. शेजारच्या गाडीतला गोरा माणूस काहीतरी ओरडला. झेब्रे उधळले. दार लागलं. आणि मग पलीकडच्या गवतातून, जिथे आम्हाला काहीच दिसलं नव्हतं, तिथून एक सिंहीण उठली, आळस दिला आणि दुसरीकडे चालत गेली. हे आपले गणपतीकडे बघत होते.

त्यानंतर त्या गाडीतली हवाच बदलली. लाडवाचा डबा कुणी उघडेना. मीनल कॅम्पात आल्यावर संदेशला म्हणाली, "खलास. उद्या परत जायचं. नाहीतर बाबांना घेऊन मी खोलीत बसते, तुम्ही फिरा."

"मग आलो कशाला? त्यांनी हत्ती अजून बघितला नाही."

"आणि नाहीच दिसला तर? संदेश, हत्ती नाही दिसला तर चालेल. बाबा परत आले नाहीत तर चालेल का?"

संदेशने माझ्याकडे पाहिलं. मी यांच्याकडे पाहिलं. हे खोलीच्या पायरीवर बसून एका मुंगीला वाट करून देत होते. मी म्हटलं, "दुपारी एक फेरी मारू. मी धरून बसते."

दुपारभर काहीच दिसलं नाही. ऊन तिरपं झालं, गवत पिवळ्याचं तांबूस झालं, आणि संदेश घड्याळ बघायला लागला. कॅम्पाचं फाटक बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. मोठा रस्ता सोडून एक आखूड मातीचा रस्ता होता, तो त्याने घेतला. एक वळण आलं. त्याचा हात सवयीने गेला, वायपर खर्रकन फिरले, गाडी वळली.

आणि रस्त्यात म्हाराज उभे होते.

टीव्हीत मी पुष्कळ बघितलेत हो. पण टीव्हीत वास येत नाही. तो ओल्या गोणपाटासारखा वास आधी आत आला आणि मग मला कळलं की समोर जे आहे ते झाड नाही. एकटा नर. एक सुळा अर्धा तुटलेला. कानाजवळून काहीतरी ओघळलेलं, काळं. वायपर अजून फिरत होते, आणि त्या खर्र आवाजाला त्याने कान पसरले. दोन सुपं उघडावीत तसे. केवढी सुपं!

"बंद कर, बंद कर ते," मीनल कुजबुजली. संदेशने वायपर बंद केले. मागे घ्यायला आरशात पाहिलं, मागे ते वळण आणि दोन्ही बाजूंना झाडी. गाडी हळू मागे घेतली, तसा तो पुढे आला. थांबवली, तसा तो थांबला.

मग मी ऐकलं. खाली, पुढच्या सीटखाली. एक चप्पल पडली. मग दुसरी.

"इले," हे म्हणाले. त्यांचा आवाज! कितीतरी महिन्यांत तसा आवाज मी ऐकला नव्हता, बहारीनच्या कामगार-कॅम्पच्या दारातला, सकाळचा. त्यांनी पट्टा सोडला. मी दोन्ही हातांनी खांदा आवळला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोड गो बाय. म्हाराज समोर आसत आणि मी बसान रवू?"

"गाडीत बसून हात जोडा," मी म्हटलं. "बसूनच जोडा हां. गाडी भरलेली आसा."

"गाऱ्हाणा कोण बसान घालता?"

आणि हात दाराच्या कडीवर गेला.

ओरडायची सोय नव्हती. ओढायला संदेशचा हात पोचत होता, पण ओढाताण झाली असती तर गाडी हलली असती, आणि समोर तो हत्ती पुढचा पाय हवेत झुलवत उभा होता, ठेवू की नको असं करत. मी शर्टाची कॉलर मुठीत धरली. म्हाताऱ्या बाईची मूठ ती. कडी उचलल्याचा तो बारीक खट् आवाज झाला, आणि दार एक बोटभर सुटलं. रानाचा वारा त्या फटीतून माझ्या हातावर आला.

"होय म्हाराजा."

तनू होती. माझ्या शेजारी बसलेली, दोन्ही हात जोडलेले, डोळे समोर. हळू आवाजात, पण अगदी बसमधल्यासारखी.

हे थबकले. साथ आली होती आणि गाऱ्हाणं तर अजून घातलंच नव्हतं! कडीवरचा हात तसाच राहिला. "अगो," ते म्हणाले, "आधी माका बोलूक तर दी."

"होय म्हाराजा," ती पुन्हा म्हणाली.

मग काय करतील? साथ देणाऱ्याला थांबवून कुठे उतरायचं! त्यांनी कडी सोडली. संदेशने अर्धं अंग पुढे करून ते दार आपल्याकडे ओढून धरलं, लावलं नाही, आवाज होईल म्हणून. नुसतं धरून ठेवलं. आणि यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

"होय म्हाराजा," आम्ही चौघं.

"आज ही लेकरा तुझ्या वाटेर इली हत. वाट तुझी आसा, आमची नाय. चुकान इली आसतीत तर पोटात घाल रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

समोरचे कान एकदा मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"ह्यो माझो झील संदेश. शिकलो-सवरलो आसा, गाडी मात्र जरा घाबरान चालवता. तेका सांभाळ रे म्हाराजा." संदेश दार धरूनच म्हणाला, होय म्हाराजा. "ही सून मीनल, तोंडान तिखट, हातान गोड." होय म्हाराजा. "ह्या चेडू तनू. ह्येका मोठा कर." होय म्हाराजा. मग बसमधले निघाले. बिहारचा तो शंभू, नेपाळचा थापा, ज्याचा पाय साइटवर मोडला होता तो, एकेकाला त्यांनी म्हाराजाच्या हवाली केलं. मला तर माझ्या शेजारणींची नावं आठवत नाहीत. घरच्यांची नावं विसरणाऱ्या माणसाला त्या दिवशी सगळी सापडली, रस्त्यात सांडलेली कुणीतरी गोळा करून ओंजळीत दिल्यासारखी.

मी वाट बघत होते. माझं यायचं होतं ना.

"आणि म्हाराजा," हे म्हणाले, "ह्या माझ्या पाठसून बसलेला बायलमाणूस. कोणाचा आसा ता माका म्हायत नाय. पण बरा आसा. दिसभर माझ्या खांद्यार हात ठेवन बसलेला आसा. तेकाय सुखरूप तेच्या घराक पोचव रे म्हाराजा."

गाडीत कुणी 'होय' म्हणेना.

मीनलने तोंडावर ओढणी धरली होती. संदेश आरशात बघत होता, माझ्याकडे. तनूचे ओठ हलले पण आवाज नाही. आणि समोर तो झुलणारा पाय खाली टेकला, एक पाऊल आमच्याकडे. साथ थांबली होती. यांनी मान वाकडी करून ऐकलं, आणि जोडलेले हात सुटायला लागले.

"होय म्हाराजा," मी म्हटलं. कसं म्हटलं ते माझं मलाच ठाऊक.

हात पुन्हा जुळले. "बस, एवढाच मागणा," हे म्हणाले आणि मान खाली घातली, डॅशबोर्डपर्यंत, गणपतीच्या पायापाशी.

समोर हत्तीने सोंड वर केली, आमच्या बाजूचा वारा हुंगला. पोटातून एक घरघर आली, ती कानाला नाही, गाडीच्या पत्र्याला आणि माझ्या मांड्यांना कळली. मग वळला. शेजारच्या झाडाची एक फांदी मोडली, जाता जाता, उगाच. आणि झाडीत शिरला. एवढं धूड, पण पावलांचा आवाज नाही. फक्त ती फांदी कितीतरी वेळ हलत होती.

संदेशने दार लावलं. हे पायाने चपला शोधत होते. सापडल्या, घातल्या. "यल्ला," म्हणाले.

फाटक मिटायच्या आत आम्ही पोचलो. त्या वाक्याबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही. त्या दिवशीही नाही, बहारीनला परत आल्यावर नाही, आणि हे गेले त्यानंतरही नाही. मीनल मात्र त्या रात्री कॅम्पात माझ्या केसांना तेल लावत बसली होती, मी न सांगता.

तर परवा मी गणपती घेऊन खाली आले. तनूने नवा गोंद लावून तो चिकटवला. ती डावीकडे, स्टिअरिंगवर. मी तिच्या शेजारी पुढे, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यासमोर नुसता डॅशबोर्ड. माझाही उजवा पाय खाली काहीतरी शोधत होता, काय करणार. कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियासमोर तिने हॉर्न दिला, पोऱ्या कडक चहाचे दोन कागदी कप देऊन गेला. वेलचीचा वास गाडीभर झाला.

"आजी, यू से इट," तनू म्हणाली. "आजोबांसारखं."

"बायका नाय घालत गाऱ्हाणा."

"हू सेज?"

कोण म्हणतं! मी चहा खाली ठेवला. चपला काढल्या. उतरले मात्र नाही, आता आमच्या घरात गाऱ्हाणं बसूनच घालतात. बा देवा म्हाराजा, ह्या चेडू आजपासून एकटा गाडी चालवतला. तेका सांभाळ. होय म्हाराजा. संदेशाक, मीनलाक, सगळ्यांका. होय म्हाराजा. मग मी जरा थांबले. तनूही थांबली. तिला ठाऊक होतं.

"आणि म्हाराजा, ह्यो गणपती ज्येचो, तो आता खंय आसा ता माका म्हायत नाय. पण कोणाचो आसा ता म्हायत आसा. माझो. तेकाय सांभाळ."

"होय म्हाराजा," तनू म्हणाली. ह्या वेळी तिचा आवाज नीट निघाला.

तिने किल्ली फिरवली. आरशातून मागच्या रिकाम्या सीटांकडे पाहिलं आणि विचारलं, "सगळे चढले मां?"

"चढले," मी म्हटलं.